आमची परीक्षा घ्या
कल्याण परिसरातल्या इंग्रजी शिक्षकांचा जाहीरनामा

आम्ही इंग्रजी शिकवतो. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा आणि ठाणे या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत शिकवतो, अनुदानित-विनाअनुदानित शाळांत शिकवतो, कनिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो आणि संध्याकाळी क्लासमध्ये पुन्हा तेच शिकवतो. आमच्यातले बहुतेक जण मराठी माध्यमाचे. पाचवीत एबीसीडी गिरवली, पुढे इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. केलं, बी.एड. केलं, टीईटी दिली, काही जण सेट-नेट झाले. आमच्या हाताखालून गेलेली मुलं आज ऐरोलीच्या आणि हिंजवडीच्या कंपन्यांत बसून परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीतून बोलतात.

आज आम्ही एक चळवळ सुरू करत आहोत. तिची मागणी एका वाक्यात मावते: इंग्रजी शिकवायला परदेशी जाऊ पाहणाऱ्या शिक्षकाला कामाचा व्हिसा द्यायचा की नाही, हे त्याची पात्रता तपासून ठरवा, त्याच्या पासपोर्टचा देश पाहून ठरवू नका.

आम्हाला सूट नको आहे. लेखी परीक्षा घ्या, तोंडी घ्या, अनोळखी मुलांपुढे उभं करून पाठ घ्यायला लावा, वर्षभर प्रोबेशनवर ठेवा. कमी पडलो तर परत पाठवा, आमची तक्रार नसेल. पण परीक्षेला बसूच न देता नापास ठरवणं आम्ही यापुढे मुकाट्याने सोसणार नाही.

नियम काय आहेत ते आधी नीट सांगायला हवं, कारण आमच्यातल्या कितीतरी जणांना वर्षानुवर्षं वाटत आलं की आपलंच काहीतरी कमी पडलं.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला ई-२ व्हिसा लागतो. तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशांचा पासपोर्ट असेल तर पदवी कुठल्याही विषयाची चालते. आमच्याकडे इंग्रजी साहित्यातली एम.ए. आणि अध्यापनाची पदवी असली तरी तिथल्या खाजगी भाषा-अकादम्यांची दारं आम्हाला बंद. यादीतल्या दक्षिण आफ्रिकेकडे जरा थांबून पाहा. त्या देशात इंग्रजी ही दहा टक्क्यांहून कमी लोकांची मातृभाषा आहे. तिथल्या उमेदवाराकडून कोरिया शालेय शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा पुरावा मागतो, आणि पुरावा दिला की त्याला घेतो. म्हणजे पुरावा मागण्याची आणि तो तपासण्याची पद्धत तिथे आहे. ती आम्हाला लागू करायची नाही, एवढंच ठरलेलं आहे.

चीनने २०१७ मध्ये देशभर कामाच्या परवान्याची एकच पद्धत आणली. तिच्यात परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः स्वतःची मातृभाषाच शिकवावी, अशी अट आहे. जपानमध्ये शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या वास्तव्य-परवान्यासाठी त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. ही अट आम्ही आमच्या आयुष्याला लावून पाहिली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावी इंग्रजीतून धरली तर दोन वर्षं, बी.ए. तीन, एम.ए. दोन, बी.एड. दोन. बेरीज नऊ. डोंबिवलीतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून बारावीपर्यंत गेलेला आणि पुढे बी.कॉम. झालेला मुलगा या अटीत बसतो. त्याला बारावीपर्यंत इंग्रजी शिकवणारी मराठी माध्यमाची बाई बसत नाही.

ब्रिटनने फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शाळांसाठी परदेशी शिक्षकांना पात्रता देण्याची नवी व्यवस्था सुरू केली आणि तिच्यात भारताचं नाव घातलं. ही बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये खरोखर आनंद झाला होता. तपशील वाचला तेव्हा कळलं की भारतीय शिक्षकांसाठी विषय ठरलेले आहेत: गणित, विज्ञान आणि परदेशी भाषा. इंग्रजी त्यात नव्हतं. शिवाय बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात अशा देशांची ब्रिटिश व्हिसाची जी यादी आहे, तिच्यातही भारत नाही. त्यामुळे इंग्रजी येतं हे आमच्या गणिताच्या शिक्षकालाही वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठीच्या आयईएलटीएस परीक्षेची फी हजारो रुपये आहे आणि तिचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरला जातो. दोन वर्षांत व्हिसा मिळाला नाही तर पुन्हा फी भरा, पुन्हा बसा.

आखातातल्या भारतीय शाळांत आमचे बरेच सहकारी आहेत आणि मानाने काम करतात. पण बाजूच्याच आंतरराष्ट्रीय शाळेत इंग्रजीची जागा निघाली की जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेलं असतं. कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत, एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या दोघांचे पगार त्यांच्या पासपोर्टांवरून वेगळे ठरतात.

आमच्यातली एक जण कल्याण पूर्वेच्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवते. परदेशातल्या एका भाषा-अकादमीने तिची व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. तिने नमुना पाठ घेतला. तो त्यांना आवडला, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पगार, राहायची खोली, कधी रुजू होता येईल, इथपर्यंत बोलणं गेलं. मग समोरच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे आणखी कुठल्या देशाचा पासपोर्ट आहे का? नाही म्हटल्यावर त्या खऱ्या दिलगिरीने म्हणाल्या की मग आमच्या हातात काही नाही. आम्ही त्या बाईंना दोष देत नाही. नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. म्हणूनच आमची लढाई नियमाशी आहे.

कुणी म्हणेल, त्या देशांना मातृभाषक हवे असतील तर तो त्यांचा अधिकार आहे. ठीक. मग आमच्या कल्याणच्या रेल्वे वसाहतीकडे पाहा. इथे अँग्लो-इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्या घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जात नव्हती. २०११ च्या जनगणनेत भारतातल्या सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि त्यातले एक लाखाहून जास्त महाराष्ट्रातले होते. त्यांच्यापैकी कुणी भारतीय पासपोर्ट घेऊन कोरियाच्या अकादमीत अर्ज केला तर त्यालाही तेच उत्तर मिळतं. तेव्हा भाषेचं कारण वरवरचं आहे. तपासला जातो तो देश, आणि बऱ्याचदा कातडीचा रंग. हे उघड बोलायला आम्ही कचरणार नाही.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सविस्तर बोलू द्या, कारण आमचा दावा दयेवर उभा नाही, कामावर उभा आहे.

सहावीच्या वर्गात ‘द बुक इज ऑन द टेबल’ हे वाक्य शिकवायचं आहे असं समजा. मराठी मूल मनात म्हणतं, पुस्तक टेबलावर आहे. त्याच्या भाषेत ‘वर’ टेबलाच्या मागे येतं आणि ‘आहे’ अगदी शेवटी येतं. म्हणून ते पहिल्या दिवशी हमखास ‘बुक टेबल ऑन इज’ असं काहीतरी लिहितं. आमची शिक्षिका त्यावर लाल रेघ मारून पुढे जात नाही. ती फळ्यावर मराठी वाक्य लिहिते, प्रत्येक शब्दाखाली आकडा टाकते, खाली इंग्रजी वाक्य लिहून तेच आकडे पुन्हा टाकते, आणि कोणता आकडा उडी मारून कुठे गेला ते मुलांनाच शोधायला लावते. दोन-चार वाक्यांत मुलांना उडीचा नियम सापडतो. मग राहतं ते ‘द’. मराठीत त्याच्यासारखं काही नाही. ते कुठे लावायचं आणि कुठे गाळायचं हे ती स्वतः तेराव्या-चौदाव्या वर्षी झगडून शिकलेली असते. मूल कुठे अडणार हे तिला आधीच ठाऊक असतं, कारण ती तिथेच अडली होती.

आता तोच वर्ग ओसाकात किंवा बुसानमध्ये आहे असं समजा. जपानी आणि कोरियन वाक्यातही आधी पुस्तक येतं, मग टेबल, मग ‘वर’, आणि क्रियापद शेवटी. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ त्या दोन्ही भाषांत नाहीत. तिथलं मूल ज्या जागी अडखळतं ती जागा मराठी माणसाच्या ओळखीची आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या चांगल्या शिक्षकालाही ती जागा अभ्यासाने शोधावी लागते. आम्हाला ती आयतीच मिळालेली आहे. कल्याणच्या शिक्षिकेची फळ्यावरची आकड्यांची युक्ती जपानी मुलासमोर जवळजवळ जशीच्या तशी चालेल, हे आम्ही जबाबदारीने सांगतो. आणि ज्या शिक्षिकेला जपान बारा वर्षांच्या अटीवर परत पाठवतो, ती नेमकी हीच मराठी माध्यमाची शिक्षिका आहे.

उच्चारांचंही तसंच. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतला फरक आमच्या कानांना सहज कळत नव्हता. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे की ओठ गोल करायचे, हे आम्ही आरशासमोर उभं राहून शिकलो आणि तसंच मुलांना शिकवतो. ज्याला हा फरक कधी शिकावाच लागला नाही, त्याला तो शिकवण्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

हे आम्हीच म्हणतो असं नाही. मातृभाषकच भाषेचा उत्तम शिक्षक असतो, ही समजूत १९६१ मध्ये युगांडातल्या माकेरेरे इथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेने पक्की केली. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये तिला भ्रम म्हटलं आणि कारणं दिली. हंगेरीचे पीटर मेजेश, जे स्वतः इंग्रजी शिकून इंग्रजीचे शिक्षक झाले होते, त्यांनी १९९४ मध्ये अशा शिक्षकांच्या बलस्थानांवर आणि उणिवांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजी शिक्षकांची जगातली मोठी संघटना टेसॉल, तिने २००६ मध्ये मातृभाषक नसलेल्यांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ठराव केला. अभ्यासकांचा वाद केव्हाच मिटला आहे. व्हिसाचे नियम मात्र तिथेच थांबलेत.

आणि आमच्या मातीला हे नवं नाही. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत इंग्रजीतून भाषण करून आपण का जात आहोत ते सांगितलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या इंग्रजीतून शिकल्या, इंग्रजीतून प्रबंध लिहिला आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांना प्रवेश देताना त्या महाविद्यालयाने त्यांची पात्रता आणि जिद्द पाहिली. आम्ही मागतो ते याहून जास्त नाही.

आनंदीबाई निघण्याआधी पाच वर्षं, १८७८ मध्ये, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्यापूर्वी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. इंग्रजी संभाषण आणि इंग्रजी रीतिरिवाज त्यांना शिकवण्याचं काम डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिने केलं. ती मराठी घरातली मुलगी होती आणि इंग्लंडमध्ये राहून आली होती. त्याच विद्यार्थ्याला पुढे १९१३ मध्ये ‘गीतांजली’च्या इंग्रजी रूपासाठी नोबेल मिळालं. तर्खडकर हेच नाव असलेल्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. विंदा करंदीकर आणि जी. ए. कुलकर्णी यांनी मराठीत लिहिलं आणि पोटासाठी इंग्रजी शिकवलं, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यात काही उणं वाटलं नाही.

देशाबाहेरही हेच घडलं. भूतानने १९६० च्या दशकात आधुनिक शाळा उघडल्या, इंग्रजी माध्यम स्वीकारलं आणि शिकवायला भारतातून शिक्षक नेले. सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या माध्यमिक शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्याच सरकारचं आहे. भारत सरकार आयटेक योजनेतून परदेशी अधिकाऱ्यांना हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठात इंग्रजी शिकायला बोलावतं. कंबोडिया, लाओस, म्यानमार आणि व्हिएतनाममध्ये भारताने इंग्रजी प्रशिक्षणाची केंद्रं उभी करून दिली. सरकार सरकारला इंग्रजी शिकवतं तेव्हा भारतीय शिक्षक चालतो. तोच शिक्षक स्वतःच्या नावाने अर्ज करतो तेव्हा का चालत नाही, हा प्रश्न आम्ही दिल्लीला विचारणार आहोत.

कारण किल्ली दिल्लीच्याच हातात आहे. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात पदवी आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना कोरियाच्या सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे. सात देशांच्या भिंतीला पडलेली ती खिंड आहे, आणि ती आपल्या वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पाडली. त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. २०११ मध्ये लागू झालेल्या जपानबरोबरच्या करारातही योग, भारतीय स्वयंपाक, शास्त्रीय संगीत-नृत्य यांच्याबरोबर इंग्रजीच्या शिक्षकांचा उल्लेख आहे. म्हणजे हे मागता येतं, आणि मागितलं तर मिळतंही. पण त्यानंतर काय झालं? डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या करारात वर्षाला १,८०० योगशिक्षक आणि आचाऱ्यांसाठी जागा आहेत. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटनच्या करारात आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकारांसाठी वर्षाला १,८०० पर्यंत. त्यांना जागा मिळाल्या याचा आम्हाला आनंद आहे, त्यांचं कौशल्य मोठंच आहे. पण इंग्रजी शिक्षकाचं नाव यादीतून गळालं ते कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. आता आम्ही आहोत.

म्हणून केंद्र सरकारकडे आमचं मागणं असं. पुढच्या प्रत्येक करारात इंग्रजी शिक्षकांचा गट स्वतंत्रपणे मांडा. कोरियाच्या तरतुदीखाली २०१० पासून दरवर्षी किती भारतीय शिक्षकांना व्हिसा मिळाला तो आकडा जाहीर करा. ती तरतूद सहायक शिक्षकपदापुरती आणि सरकारी शाळांपुरती आहे, ती वाढवून घ्या. जपानशी बोलताना बारा वर्षांच्या माध्यमाच्या अटीला पर्याय मागा: इंग्रजीतली पदव्युत्तर पदवी, अध्यापनाची पदवी आणि ठरलेल्या गुणांची भाषा-परीक्षा. ज्या राष्ट्राचा कारभार १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजीतूनही चालतो, ज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत लिहिले जातात, त्याने आपल्या इंग्रजी शिक्षकांसाठी एवढं मांडणं अवघड नाही.

महाराष्ट्र सरकारला आम्ही जर्मनीची आठवण करून देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी दहा हजार माणसं, आणि त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च राज्याचा. राज्य एवढं करू शकतं, तर पात्र इंग्रजी शिक्षकांची नोंद ठेवणारा आणि परदेशी शाळांशी थेट बोलणारा एक कक्षही उघडू शकतं. त्या कक्षाचं पहिलं काम कागदपत्रांचं असावं. आज बी.एड.ची पदवी परदेशात मान्य व्हायला ती मंत्रालयात न्यावी लागते, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का. सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. ठाण्याहून-कल्याणहून रजा टाकून खेपा घालणं जमत नाही म्हणून शिक्षक दलालाला हजारो रुपये देतो. अमिरातीसारखा देश अपॉस्टिल करारात नसल्याने वकिलातीचा शिक्का पुन्हा वेगळा.

दलालांबद्दल बोललंच पाहिजे. स्टेशनच्या परिसरात ‘अब्रॉड जॉब’च्या पाट्या वाढल्या आहेत. त्यांतले काही प्रामाणिक असतील. पण आमच्यातल्या अनेकांना मिळालेला सल्ला एकच होता: टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर शाळेत नोकरी लावून देतो. असा गेलेला शिक्षक पगार बुडाला तरी तक्रार करू शकत नाही, आजारी पडला तर विमा नाही, आणि तपासणी झाली तर शाळा हात वर करते आणि शिक्षक दंड भरून परत येतो. १९८३ च्या कायद्याने परदेशी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. हे आपल्यापैकी कितींना माहीत होतं? या चळवळीत येणारा प्रत्येक जण शपथ घेईल की तो टुरिस्ट व्हिसावर शिकवायला जाणार नाही आणि दुसऱ्याला पाठवणार नाही. खोटं अनुभव-प्रमाणपत्र जोडणार नाही. उसना अमेरिकन हेल काढून मुलाखत देणार नाही. स्वच्छ, समजेल असं इंग्रजी बोलू, आणि ते आपल्या आवाजात बोलू. कोरियातलं मूल मोठं होऊन इंग्रजी बोलेल ते व्हिएतनामच्या पुरवठादाराशी, सौदीच्या गिऱ्हाइकाशी, पुण्याच्या अभियंत्याशी. त्या सगळ्यांचे हेल त्याच्या कानावरून लहानपणीच गेले तर त्याचा फायदाच आहे.

आमचं भांडण लंडनच्या किंवा टोरांटोच्या शिक्षकांशी नाही. त्यांच्यातले चांगले शिक्षक आमचे गुरुबंधू आहेत, आणि या नियमांविरुद्ध त्यांच्यातल्या अनेकांनी आवाज उठवला आहे. फिलिपिन्सचे, नायजेरियाचे, केनियाचे शिक्षक आमच्याच रांगेत उभे आहेत. एका देशाला सवलत आणि दुसऱ्याला बंदी असा सौदा आम्ही करणार नाही. नियम बदलेल तो सगळ्यांसाठी.

एक आक्षेप आम्हाला मनापासून टोचतो. तुम्ही सगळे बाहेर गेलात तर इथल्या मराठी शाळांतल्या मुलांना इंग्रजी कोण शिकवणार? २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा ती जबाबदारी आमच्या खांद्यावर आली आणि आम्ही ती पेलली. आजही पेलतो आहोत. पण शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार झालं, आणि त्यावर कल्याणमध्ये भाड्याच्या घरात संसार करायचा असतो. तासिका तत्त्वावरचं मानधन कधी येईल याची खात्री नसते. ज्याला जायचं आहे त्याला जाता यावं आणि ज्याला राहायचं आहे त्याला राहणं परवडावं, अशा दोन्ही बाजूंनी आम्ही लढू. चार वर्षं बाहेर शिकवून आलेला शिक्षक इथल्या वर्गात जे घेऊन येईल, ते कुठल्याही चार दिवसांच्या कार्यशाळेतून मिळणार नाही.

आणि घरातला न्याय आधी. परदेशी शाळा पासपोर्ट विचारते म्हणून आम्ही चिडतो. पण आपल्याच शहरातल्या किती शाळा इंग्रजीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न विचारतात, तुमचं शालेय शिक्षण कुठल्या माध्यमातून? मराठी म्हटलं की नमुना पाठ न पाहताच फाइल बाजूला ठेवली जाते. किती क्लास ‘कॉन्व्हेंट एज्युकेटेड फॅकल्टी’ असं मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि किती पालक ते वाचून प्रवेश घेतात. सोलमध्ये जे चुकीचं आहे ते कल्याणमध्येही चुकीचं आहे. या चळवळीचा पहिला अर्ज परदेशी वकिलातीकडे जाण्याआधी कल्याण-डोंबिवली आणि ठाण्यातल्या शाळांच्या व्यवस्थापनांकडे जाईल: माध्यम विचारू नका, पाठ घ्यायला लावा.

आता कामाचं. परदेशातून आलेलं नकाराचं पत्र किंवा ईमेल, दलालाने दिलेली पावती, बाहेर केलेल्या नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी, व्हिसा फेटाळल्याचा कागद, यांपैकी जे जवळ असेल त्याची झेरॉक्स काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. तारीख, देश, शाळेचा प्रकार आणि दिलेलं कारण एका कागदावर मराठीत लिहा. लाज वाटू देऊ नका, तो तुम्ही नापास झाल्याचा दाखला नाही. आपल्या शाळेतल्या, आपल्या ट्रेनच्या डब्यातल्या, आपल्या क्लासमधल्या इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाला हे वाचायला द्या आणि त्याचे कागद मागा. हे पुरावे एकत्र बांधून आम्ही परराष्ट्र मंत्रालय, वाणिज्य मंत्रालय आणि ठाणे जिल्ह्याच्या खासदार-आमदारांच्या टेबलावर ठेवणार आहोत. चळवळीचं नाव, कार्यकारिणी, वर्गणी हे सगळं पहिल्या सभेत सर्वांनी मिळून ठरवायचं आहे. त्या सभेला रिकाम्या हाताने येऊ नका, आपले कागद घेऊन या.